आहारसंयम : घसरण आणि परतीची वाट

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

 

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा होत असताना व्याख्यानासाठी एखादा गौरवाचा विषय सहज निवडता आला असता. तथापि सुवर्ण महोत्सव हा जसा अभिमानाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. म्हणून आजचा विषय आहे रोजच्या ताटाचा. आहारात संयम कसा घ्यावा, याविषयी प्रवचनांतून पुष्कळ ऐकावयास मिळते. घेतलेला संयम सुटल्यावर काय करावे, याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. वस्तुतः बहुसंख्य श्रावक-श्राविकांची खरी अडचण तीच आहे.

कार्तिक पौर्णिमेनंतर

चातुर्मासाचा प्रारंभ होतो तेव्हा जालन्यात सूर्यास्त सायंकाळी सात वाजून गेल्यावर होतो. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, पावसाने बाजार मंद असतो, साधू-साध्वीजींचा सहवास असतो आणि रोजच्या प्रवचनाने मन भारलेले असते. अशा वेळी चौविहाराचे पच्चक्खाण घेणे फारसे कठीण वाटत नाही. दुकानातून अर्धा तास घरी येऊन जेवून जाता येते. पर्युषणात कोणी अठाई करतो, कोणी एकासणे, कोणी आयंबिल. घराघरांत तपस्येचे वातावरण असते.

पुढे दिवस लहान होत जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी सदर बाजारात, सराफ्यात, मोंढ्यात ग्राहकांची गर्दी वाढते. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपून महाराजसाहेबांचा विहार होतो आणि लगीनसराई सुरू होते. डिसेंबरात तर पावणेसहाच्या सुमारासच सूर्यास्त होतो. दुकानात ग्राहक बसलेला असतो, समोर कापडाची थाने उलगडलेली असतात. अशा वेळी गल्ल्यावरून उठावे कसे, हा प्रश्न खरा असतो. एक दिवस चौविहार चुकतो. दुसऱ्या दिवशी स्वागत-समारंभाचे निमंत्रण असते. आठवडाभराने नियम होता, एवढीच आठवण शिल्लक राहते.

म्हणजे आषाढात जे व्रत सोपे असते, तेच मार्गशीर्षात कठीण होते. व्रत घेताना हा हिशेब कोणी मांडत नाही. त्यामुळे व्रत सुटले की दोष स्वतःच्या दुबळ्या मनावर टाकला जातो. माणूस मनोमन ठरवून टाकतो, की हे आपल्याच्याने होणारे काम नव्हे. त्यानंतर तो स्थानकात जरा मागे बसू लागतो, पच्चक्खाणाच्या वेळी नजर चुकवू लागतो. नियम मोडल्याची शरम ही नियम मोडण्यापेक्षा अधिक नुकसान करते, कारण ती परतीची वाटच बंद करते. घरातील मुलेही हे पाहत असतात. व्रत ही चार महिन्यांची सोय असते, असा धडा ती न शिकवता शिकतात.

शैलक राजर्षींची कथा

अशी घसरण आजच्याच काळात होते असे समजण्याचे कारण नाही. ज्ञाताधर्मकथांग सूत्राच्या पाचव्या अध्ययनात शैलक राजर्षींची कथा आलेली आहे. शैलकपूरचा हा राजा आपला पुत्र मंडुक याच्याकडे राज्य सोपवून, पंथक आदी पाचशे मंत्र्यांसह दीक्षित झाला. पुढे विहारकाळातील रूक्ष, निरस आणि अवेळीच्या आहाराने त्यांचे शरीर व्याधिग्रस्त झाले. विहार करीत ते शैलकपुरास आले असता मंडुक राजाने त्यांच्या उपचारांची व्यवस्था केली. औषधे, अनुकूल आहार आणि निद्रा आणणारे पेय यांच्या योगे राजर्षी रोगमुक्त झाले.

रोग गेला, परंतु रोगासाठी आलेला आहार मात्र गेला नाही. राजर्षी त्या भोजनात आणि पेयात आसक्त झाले. विहार थांबला, साधुचर्या शिथिल झाली. अखेर शिष्यांनी आपसांत विचार केला आणि गुरूंच्या सेवेसाठी एकट्या पंथकाला ठेवून बाकीचे सर्व पुढे विहार करून गेले.

कार्तिकी चौमासीचा दिवस आला. राजर्षी भरपूर भोजन व पान करून सायंकाळी झोपी गेले होते. पंथकाने देवसी प्रतिक्रमण केले आणि चौमासी प्रतिक्रमणापूर्वी गुरूंची क्षमा मागावी म्हणून त्यांच्या चरणांना मस्तकाने स्पर्श केला. झोपमोड झाल्याने राजर्षी संतापले. पंथकाने नम्रपणे आपण कोण, कशासाठी चरणस्पर्श केला ते सांगितले आणि झोपमोड झाल्याबद्दलही क्षमा मागितली. त्या क्षणी राजर्षींना जाग आली, आणि ही जाग केवळ निद्रेतून आलेली नव्हती. राज्याचा त्याग करून निघालेला आपला आत्मा ताटापाशी येऊन अडकला, हे त्यांना उमगले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंथकासह विहार केला. पुढे ही वार्ता कळताच दूर गेलेले शिष्यही परत येऊन मिळाले.

या कथेतील तीन गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, घसरणीची सुरुवात लालसेने झाली नाही, ती खऱ्या कारणाने झाली. आजारपण खरे होते, उपचार आवश्यक होते. पण कारण संपले तरी सवय राहिली. आपल्या घरातही बाळंतपण, प्रवास, परीक्षा, लगीनसराई अशा खऱ्या कारणांनीच नियम सुटतात आणि कारण संपल्यावर नियमाला परत बोलावण्याचे राहून जाते. दुसरी, पंथकाने गुरूंना उपदेश केला नाही, टोचून बोलला नाही आणि सोडूनही गेला नाही. त्याने केवळ स्वतःचे प्रतिक्रमण चुकवले नाही. तिसरी, राजर्षींनी पुढच्या चातुर्मासाची वाट पाहिली नाही. परतण्यासाठी त्यांनी दुसरा दिवस निवडला.

शास्त्राने परतीची वाट आखून ठेवली आहे

‘प्रतिक्रमण’ या शब्दाचा अर्थच मुळी मागे फिरणे, स्वस्थानी परत येणे असा आहे. सहा आवश्यकांचा क्रम पाहावा : सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदना, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान. पच्चक्खाण सर्वांत शेवटी येते. प्रथम समभाव, मग मागे वळून चुकीचे अवलोकन, मग क्षणभर शांत स्थिरता आणि त्यानंतर पुढचा नियम. चूक झाल्याबरोबर घाबरून आणखी मोठा नियम घेणे किंवा नियमच सोडून देणे, हे दोन्ही या क्रमात बसत नाही.

व्यापारी समाजाला हा क्रम परका नाही. दुकानात एखाद्या दिवशी तोटा झाला म्हणून कोणी दुकानाला कायमचे कुलूप लावत नाही. तो तोटा रोजमेळात लिहितो, खतावणीत ओढतो आणि सकाळी दुकान उघडतो. देवसी आणि राई प्रतिक्रमण हा आत्म्याचा रोजमेळ आहे. पक्खी आणि चौमासी ही मधली तेरीज. संवत्सरी हा वार्षिक ताळेबंद. तोटा लिहिण्यास जो कचरतो, त्याचे दुकान बुडते. तोट्यामुळे बुडणारी दुकाने त्या मानाने थोडी असतात.

व्रतभंगाच्याही शास्त्राने चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. चौविहार घेतलेल्या दुकानदाराचे उदाहरण घ्यावे. दिवेलागणीनंतर शेजारून गरम कचोरीचा वास आला आणि खावेसे वाटले, हा अतिक्रम. ती आणण्यासाठी तो उठला, हा व्यतिक्रम. कचोरी हातात घेतली, हा अतिचार. खाल्ली, हा अनाचार. याचा अर्थ असा, की घास घशाखाली उतरण्यापूर्वी परत फिरण्यासाठी तीन दारे उघडी असतात. मनात इच्छा आली एवढ्यानेच ‘आता मोडलेच आहे तर खाऊन घेऊ’ असे म्हणणारा मनुष्य पहिल्या पायरीवरून एकदम चौथीवर उडी घेतो.

याहून सूक्ष्म गोष्ट पच्चक्खाणातील आगारांची आहे. नवकारसीच्या, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांच्या त्यागातही अनाभोग आणि सहसागार असे दोन आगार ठेवलेले आहेत. विस्मरणाने किंवा अकस्मात मुखात काही गेले तर तो भंग नव्हे. पोरसी व पुढील पच्चक्खाणांत सर्वसमाधीचा आगार आहे; तीव्र आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधाला त्यात वाव आहे. ज्या परंपरेने नियम घेतानाच मानवी दुबळेपणाची नोंद करून ठेवली, त्या परंपरेचे अनुयायी एका चुकीने निराश व्हावेत, हे योग्य नाही.

वाट दाखविणारे घरातच असतात

उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांचे वर्णन आहे. त्यातील आनंद श्रावकाची संपत्ती बारा कोटी सुवर्णमुद्रांची होती. तरी फळांत केवळ गोड आवळा आणि तुपात केवळ शरद ऋतूतील गाईचे तूप, अशी मर्यादा त्याने आखून घेतली. विपुलतेत असताना घेतलेली मर्यादा हाच श्रावकाचा दागिना होय.

त्याच सूत्रात चुलनीपिता, सुरादेव आणि चुल्लशतक या श्रावकांच्याही कथा आहेत. पौषधात असताना देवाने भय दाखवले आणि ते डळमळले. चुल्लशतकाला तर आणखी एक भीती घालण्यात आली, की त्याचे सारे धन रस्त्यावर उधळले जाईल. व्यापाऱ्याला त्याची अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. तिघांचाही व्रतभंग झाला. चुलनीपित्याला त्याच्या मातेने, तर सुरादेवाला आणि चुल्लशतकाला त्यांच्या पत्नींनी समजावले, की व्रत भंगले आहे, आलोचना करून शुद्ध व्हावे. त्यांनी तसे केले आणि अखेरपर्यंत धर्मात स्थिर राहिले. त्यांची नावे शास्त्रात टिकली ती कधीच न चुकल्यामुळे नव्हेत.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. घरातील पुरुषाचे व्रत पुष्कळदा स्वयंपाकघरातील स्त्रीच्या श्रमांवर उभे असते. एकाचे आयंबिल, दुसऱ्याचे बियासणे, मुलांचा डबा आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांची ताटे, ही सारी धावपळ तिची असते. तिचे स्वतःचे पच्चक्खाण कित्येकदा याच धावपळीत सुटते. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांचा त्याग आणि दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत भोजन असते. त्यातही वेगवेगळ्या चवींची मागणी होत असेल तर रसपरित्याग झाला कोठे? संपूर्ण घराने मिळून घेतलेला एक लहान नियम हा एकट्याने घेतलेल्या मोठ्या नियमापेक्षा अधिक टिकतो, याचे कारणही हेच आहे.

लेबल जैन, भूक तीच

आज हॉटेलच्या मेनूकार्डावर ‘जैन पावभाजी’, ‘जैन पिझ्झा’ असे शब्द दिसतात. कांदा, लसूण, बटाटा वगळला की पदार्थ जैन झाला, असा समज रूढ होत आहे. कंदमुळांचा त्याग महत्त्वाचा आहेच. परंतु रात्री दहा वाजता पोट भरल्यावरही मागवलेला पदार्थ केवळ त्या लेबलामुळे संयमाचा होत नाही. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात मीठ, साखर, तेल किती आहे आणि ते आपल्याला झेपणारे आहे काय, हे तो सांगत नाही.

बाह्य तपाच्या सहा प्रकारांपैकी अनशन, ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसपरित्याग हे चार थेट भोजनाशी निगडित आहेत. त्यातील अनशनाचा गाजावाजा होतो, शोभायात्रा निघते, पारणे होते. ऊनोदरीची मात्र कधी मिरवणूक निघत नाही. शास्त्राने पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळांचा मानला आहे. त्यातील एक कवळ कमी घेतला तरी ऊनोदरी सुरू होते. आठ दिवस उपवास करून नवव्या दिवसापासून पोट तुडुंब भरणाऱ्यापेक्षा रोज एक कवळ मागे ठेवणाऱ्याचे तप अधिक दूरवर जाते.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा विषय टाळता येण्याजोगा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बैठे काम, उशिराचे जेवण आणि मिठाईचे प्रसंग असलेल्या व्यापारी समाजाने या आकड्यांतून स्वतःला वगळू नये. दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेली पद्धत मराठवाड्यात अनेकांनी स्वीकारली, तेव्हा बियासणे करणाऱ्या आजींना त्यात फारसे नवे काही वाटले नसावे. मात्र मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. आगार त्यासाठीच आहेत.

‘जालना सोने का पालना’ या म्हणीचा अभिमान या शहराने पिढ्यान्‌पिढ्या बाळगला. त्याच जालन्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि २०१२-१३ चाही. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. तेव्हा पेल्यात उरलेले पाणी ओतून देताना हात अडखळत असे. पाऊस झाला आणि हात पुन्हा सैल झाला. आज स्वागत-समारंभात दहा काउंटरवरून भरून घेतलेली ताटे अर्धी टाकली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत आज अनेकांना संकोचाची वाटते; संकोच वाटावयास हवा तो टाकलेल्या ताटाचा.

परत कसे यावे?

महात्मा गांधींनी किशोरवयात मित्राच्या नादाने चोरून मांसाहार केला होता. आईवडिलांशी खोटे बोलणे सहन न झाल्याने त्यांनी तो सोडला. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी मातेच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. ती देवविणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. पुढे १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी त्यांनी चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ घ्यावयाचे नाहीत आणि रात्री जेवावयाचे नाही, असे व्रत घेतले. आपल्या भाषेत ही द्रव्यमर्यादा आणि रात्रिभोजनत्यागच होय. ज्याने पूर्वी चूक केली, त्यानेच पुढे इतके कठोर व्रत निभावले.

आपल्याला एवढे मोठे पाऊल एकदम टाकण्याची आवश्यकता नाही. प्रथम चूक स्पष्ट शब्दांत मान्य करावी : कोणता नियम होता, तो कधी आणि कोणत्या प्रसंगी सुटला. महाराजसाहेब गावात असतील तर त्यांच्यापुढे आलोचना करावी. नसतील तर सायंकाळच्या प्रतिक्रमणात करावी. त्यानंतर पूर्वीपेक्षा लहान, पण नक्की पाळता येईल असा नियम मुदतीसह घ्यावा. रोजची नवकारसी घ्यावी. हिवाळ्यात रोज चौविहार जमत नसेल तर अष्टमी-चतुर्दशीला आणि बाजार बंद असलेल्या दिवशी घ्यावा. दुकानावर वडील-मुलगा किंवा भाऊ-भाऊ असतील तर सूर्यास्तापूर्वी पाळीपाळीने जेवून यावे. एकाने गल्ला सांभाळावा, दुसऱ्याने व्रत, आणि दुसऱ्या दिवशी उलट. लग्नघरांनी भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपेल अशी वेळ पत्रिकेवर छापावी आणि पदार्थांची संख्या मर्यादित ठेवावी. हा निर्णय एका घराला अवघड जातो. पन्नास घरांनी मिळून घेतला तर तीच रीत होते. संस्थेच्या सुवर्ण महोत्सवाचे याहून चांगले स्मारक कोणते असणार?

आणि घरातील कोणाचा नियम सुटला तर त्याला चारचौघांत टोकू नये. पंथकाने काय केले ते आठवावे. आपले प्रतिक्रमण आपण चुकवू नये, आणि परत येणाऱ्यासाठी सूर्यास्तापूर्वीच्या पंगतीत एक पाट मोकळा ठेवावा.

आजच्या सभेतून घरी गेल्यावर जे पहिले ताट समोर येईल, तेथूनच परतीची वाट सुरू होते. त्यासाठी संवत्सरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास, किंवा कोणाचे मन दुखावले असल्यास, अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.